थंडीला दाद न देणारी फुलझाडं

"अगं, जरा बाहेर ये बघू. एक्झोऱ्याला काय झालंय?"

सासूबाईंची हाक ऐकली आणि कणकेचे हात तसेच घेऊन मी मागच्या अंगणात धावले. डिसेंबर २०१८ मधली ती सकाळ मी विसरणार नाही.

ह्यांची ठाण्याहून निफाडला बदली झाली, तेव्हा सामानाबरोबर चार कुंड्याही आल्या होत्या. त्यातला एक्झोरा मामंजींनी स्वतःच्या हातानं लावलेला. ते गेल्यापासून सासूबाई रोज त्याचाच लाल गुच्छ देवाला वाहायच्या. निफाडला घरामागं मोकळी जागा मिळाली म्हणून तो आम्ही हौसेनं जमिनीत लावला. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. त्या पगारातून आठशे रुपयांची क्रोटनं आणि जास्वंदी आणल्या. पावसाळ्यात बाग अशी बहरली की, शेजारणी रोपं मागायला यायच्या.

आणि त्या सकाळी बघते तो काय! सगळी पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट, लुळी पडलेली. त्या महिन्यात निफाडचा पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. रिकामी परडी घेऊन आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

खरं सांगायचं तर चूक माझीच. ठाण्याला जे फुलतं ते निफाडलाही फुलणारच, असं मी धरून चालले होते. एक्झोरा आणि क्रोटन ही उष्ण, दमट हवेतली झाडं. पारा दहा अंशांखाली गेला की ती कुरकुरायला लागतात. जास्वंद त्यांच्याहून थोडी कणखर. पण थंडीत तिच्याही कळ्या गळतात आणि दव गोठलं की पानं जातात.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच, पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र आकाश आणि वारा पडलेला, अशा रात्री जमिनीलगतची हवा त्याहूनही गार होते. त्यामुळे वर्तमानपत्रात तीन-चार अंश छापून आले, तरी आपल्या अंगणातल्या गवतावर बर्फाचे कण दिसू शकतात.

तेव्हा मैत्रिणींनो, नर्सरीत जाण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा. आपल्या गावची सर्वांत गार रात्र किती गार असते? नाशिक, निफाडच नव्हे, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे संसार थाटलेल्या मैत्रिणींनीही हे आधी बघावं. नर्सरीतली रोपं पावसाळ्यात सगळीच टवटवीत दिसतात. त्यांची परीक्षा पौषात असते!

मग लावावं तरी काय? थंडीत खुलणारा पहिला मान गुलाबाचा. ऑक्टोबरात छाटणी केली की ऐन थंडीत टपोरी फुलं येतात. कोरांटी तर आपली घरचीच. दिवाळीच्या सुमारास फुलू लागते, फारशी निगा मागत नाही आणि देवालाही चालते. कुंदही असाच, हिवाळ्यात पांढरा शुभ्र बहरतो.

कुंपणाला हिरवीगार झुडपं हवी असतील तर कुंती लावावी. तिला कामिनीही म्हणतात. थोडी थंडी ती सहज सोसते आणि कात्रीनं हवा तसा आकार देता येतो. कण्हेर तर फारच चिवट. पारा शून्याच्या थोडा खाली गेला तरी तग धरते. मात्र तिचं पान, फूल, फांदी सगळंच विषारी. घरात रांगतं मूल किंवा दारात गाय असेल तर तिचा मोह टाळावा, बरं का!

फुलांच्या डाळिंबाचीही आठवण ठेवा. हिवाळ्यात त्याची पानं झडतात. पण ते काही मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. उन्हाळा लागला की शेंदरी फुलांनी भरून जातं. आपलं राज्यफूल तामण. तिचं बुटकं भावंडं नर्सरीत क्रेप मर्टल या नावानं मागावं. तेही थंडीत पानं टाकतं आणि पुढं उन्हाळ्या-पावसाळ्यात गुलाबी झुबक्यांनी डवरतं.

लाल पानांचं पॉइन्सेटिया हिवाळ्यातच रंगतं, म्हणून ते कणखर असेल असं वाटतं. तसं नाही! त्याला रंगायला लांब, अंधाऱ्या रात्री लागतात, एवढंच. गोठवणारी थंडी त्याला सोसत नाही. ते पडवीच्या आडोशाला ठेवा आणि रात्री दिव्याचा उजेड त्यावर पडू देऊ नका.

नाजूक झाडांचा हट्टच असेल, तर जागा हेरून लावा. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी सखल कोपऱ्यात साचते. दिवसभर ऊन खाल्लेली भिंत मात्र रात्री ऊब देते. झाड अशा भिंतीजवळ लावावं. थंडीची लाट येणार असं कळलं की दुपारीच बुंध्याशी पाणी द्यावं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा ऊब जास्त धरते. चार काठ्या रोवून रात्री वरून जुनी साडी किंवा गोणपाट घालावं, ते जमिनीपर्यंत येऊ द्यावं आणि सकाळी ऊन आलं की काढावं. प्लॅस्टिक पानांना चिकटू देऊ नये. नवीन झाडं शक्यतो पावसाळ्याच्या सुरुवातीलाच लावावीत, म्हणजे थंडीपर्यंत मुळं धरतात. आणि दिवाळीनंतर नाजूक झाडांना भरघोस खत देऊ नये. कोवळी पालवी फुटते आणि तीच आधी करपते.

आता एक्झोऱ्याचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी चिडून कात्री घेऊनच निघाले होते. शेजारच्या काकूंनी हात धरला. द्राक्षबागेत जन्म गेलेल्या त्या बाई! थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवून जागलेल्या. त्यांनी बुंध्याशी नखानं साल खरवडून दाखवली. आत हिरवं होतं.

"हिरवं हाय तवर हात लावू नको गं. वाळक्या फांद्या खालच्याला पांघरूण व्हतात. शिमग्यानंतर काय ते बघ."

क्रोटनं गेली ती गेलीच. पण शिमग्यानंतर एक्झोऱ्याला बुंध्यातून दोन लालसर कोंब फुटले. पावसाळ्यात तो आम्ही पुन्हा मोठ्या कुंडीत घेतला. आता तुळशीचं लग्न झालं की त्याचा मुक्काम पडवीत, दक्षिणेच्या भिंतीशी. अंगणात कोरांटी, कुंद आणि गुलाब आहेत.

थंडीत एक्झोरा फुलत नाही. सासूबाई परडीत कोरांटी भरतात. पण आत जाता जाता कुंडीपाशी क्षणभर थांबतात आणि एकदा पानावरून हात फिरवतात.