हेल्मेट घेताना आधी डोक्याचं माप घ्या, मग भाव विचारा

रामदासपेठ (नागपूर) : काटोल, सावनेर, उमरेड, कुही भागातून दवाखान्याच्या कामानं रामदासपेठेत रोज कितीतरी लोक दुचाकीनं येतात. हँडलला फाईल अन् एक्सरेची थैली, आरशावर लटकवलेलं हेल्मेट. चौकात पोलीस दिसले की ते डोक्यावर चढतं, दवाखान्यासमोर गाडी लागली की पुन्हा आरशावर. आणि गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर, जिथं गाडी सगळ्यात जोरात असते, तिथं डोकं उघडंच. कारण विचारलं तर उत्तरं ठरलेली : "कपाळ दुखते", "कान दबतात", "हवेनं मागं उडते". यातल्या बहुतेक तक्रारी हेल्मेटच्या नाहीत, चुकलेल्या मापाच्या आहेत.

माप कसं घ्यायचं?

शिलाईचा टेप घ्या. भुवयांच्या वर दोन बोटं जागा सोडून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागचा सगळ्यात फुगीर भाग धरून गोल फिरवा. टेप नसेल तर सुतळीनं मोजून ती पट्टीवर धरा. दोन-तीनदा मोजा, जास्तीत जास्त येईल ते माप धरा. समजा ५८ सेंटिमीटर आलं, तर हेल्मेटवर ५८० मिलिमीटर लिहिलेलं शोधा. 'मीडियम', 'लार्ज' या अक्षरांवर विसंबू नका. एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या मीडियमसारखं बसेलच असं नाही. माप दोन साईजच्या मधात आलं तर आधी लहान घालून पाहा.

दुकानात काय तपासाल?

घातल्यावर गाल थोडे दबले पाहिजेत. नवीन हेल्मेट किंचित घट्टच बरं, कारण आतले पॅड वापरून सैल होतात. पण कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर ते सैल होण्याची वाट पाहू नका. काहींचं डोकं गोल असतं, काहींचं लांबट. कपाळाला रुतते अन् बाजूनं पोकळ वाटते, असं असेल तर साईज वाढवून उपयोग नाही, दुसरी कंपनी किंवा दुसरं मॉडेल पाहा.

पट्टा बांधा आणि हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवून पाहा. गालाची कातडी सोबत सरकली तर माप बरोबर. नुसतं हेल्मेटच फिरलं तर ते मोठं आहे. मग मागची कड धरून वर, पुढच्या बाजूला ढकला. डोक्यातून निघून आलं तर घेऊ नका, अपघातातही ते तसंच निघेल. पट्टा आणि हनुवटीखालच्या भागात दोन बोटं जातील, त्याहून जास्त ढील नको. शेवटी दहा मिनिटं डोक्यावर तसंच राहू द्या. दुकानदार घाई करेल, करू द्या. काढल्यावर कपाळावर लाल वळ उठला असेल तर ते तुमचं नाही.

चष्मा असेल तर चष्म्यासकट तपासा. उन्हाळ्यात दुपट्टा बांधायची सवय असेल तर पातळ सुती दुपट्टा बांधूनच माप पाहा, गाठ मात्र डोक्याच्या मागं येऊ देऊ नका. जाड दुपट्ट्यासाठी मोठी साईज घेतली तर हिवाळ्यात तेच हेल्मेट डोक्यावर हालत राहते. बायकांनी अंबाडा वर न बांधता वेणी खाली सोडावी.

घट्ट बसणं एवढं महत्त्वाचं का?

हेल्मेटच्या आत टणक थर्माकोलचा थर असतो. मार लागला की तो दबतो आणि धक्का स्वतःवर घेतो. हेल्मेट सैल असेल तर आधी हेल्मेट रस्त्यावर आपटते अन् मग डोकं हेल्मेटवर, किंवा हेल्मेट आधीच उडून गेलेलं असतं. हा थर एकदाच काम करतो. म्हणून अपघातात सापडलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी वापरू नका आणि जुनं कुणाचं विकतही घेऊ नका. थिनर किंवा पेट्रोलनं पुसू नका, त्यानं थर्माकोल विरघळते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागं बसणाऱ्यालाही, हेल्मेट लागतं, तेही पट्ट्यानं पक्कं बांधलेलं. २०१९ च्या दुरुस्तीनं १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र करण्याची तरतूद आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवणं-विकणं बंद आहे. रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या स्वस्त मालावरही ते स्टिकर असू शकतं. म्हणून मार्कसोबतचा सीएम/एल नंबर मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव जुळलं तरच पैसे द्या.

नवी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १३८ नुसार नव्या दुचाकीसोबत हेल्मेट देणं बंधनकारक आहे. शोरूमवाला समोर ठेवेल ते मुकाट्यानं घेऊ नका. डोक्यात घालून पाहा, बसलं नाही तर तिथंच साईज बदलून मागा. घरी आणून आरशावरच लटकणार असेल, तर ते हेल्मेट घेतलं काय अन् न घेतलं काय, सारखंच.