सुई, सोडा आणि संशय

गेल्या वर्षी शेजारच्या गावच्या जत्रेत घोडागाड्यांच्या शर्यती पाहायला गेलो होतो. पहिला आलेला घोडा घामानं निथळत, नाकपुड्या फुगवून उभा होता. शेजारी खांद्यावर टॉवेल टाकून उभे असलेले एक आजोबा हळूच म्हणाले, "सर, मागच्या जत्रेत हाच घोडा शेवटून दुसरा होता. काय तरी पाजलंय बघा." खरं-खोटं देव जाणे! त्या घोड्याच्या मालकानं वर्षभर पहाटे उठून मेहनतही घेतली असेल. पण तो संशय माझ्याबरोबर घरापर्यंत आला.

असाच संशय सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत एका संपूर्ण खेळाला चिकटलेला आहे. या खेळाला हार्नेस रेसिंग म्हणतात. इथे स्वार घोड्याच्या पाठीवर नसतो, तर मागे जोडलेल्या दोन चाकांच्या हलक्या गाडीत बसतो. घोडे स्टँडर्डब्रेड जातीचे. चौखूर उधळायचं नाही, ठरलेल्या दुडक्या चालीतच धावायचं, हा या शर्यतीचा नियम. घोड्यानं चाल मोडली तर गाडीवानानं त्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचं. आपल्याकडचे जुने टांगेवाले पाहिलेल्यांना यातलं कसब लगेच उमगेल.

मग संशय कुठून येतो? तिथल्या अनेक शर्यतींत उतरणाऱ्या घोड्यावर आधीच किंमत लावलेली असते आणि ती मोजून दुसरा मालक तो घोडा विकत घेऊ शकतो. त्यामुळे घोडे सारखे या तबेल्यातून त्या तबेल्यात जातात. काल रखडणारा घोडा नव्या प्रशिक्षकाकडे गेला आणि पंधरा दिवसांत वाऱ्यासारखा पळू लागला, की कुजबुज सुरू होते. कधी त्यामागे चांगला खुराक असतो, नीट ठोकलेली नाल असते, दुखऱ्या पायाला मिळालेली विश्रांती असते. आणि कधी सुई असते.

यातला जुना प्रकार तर आपल्या स्वयंपाकघरातला आहे. खाण्याचा सोडा आणि साखर पाण्यात कालवून शर्यतीच्या काही तास आधी नाकातून नळी घालून घोड्याच्या पोटात सोडायची. याला तिकडे 'मिल्कशेक' म्हणतात! पळताना स्नायूंत आम्ल साचतं. सोड्यामुळे त्याचा परिणाम लांबतो आणि घोडा उशिरा थकतो. नळी चुकून फुफ्फुसाच्या वाटेनं गेली तर जनावर जिवाला मुकतं. म्हणून आता घोड्याच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की कारवाई करतात.

दुसरा प्रकार ईपीओ या औषधाचा. माणसांच्या सायकल शर्यतींमुळे त्याचं नाव आपल्या कानावर आलेलं आहे. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, दम टिकतो, पण रक्त घट्ट होऊन हृदयावर ताण पडतो. औषध रक्तात थोडेच दिवस सापडतं, परिणाम मात्र त्यानंतरही टिकतो. चोर पुढे आणि प्रयोगशाळा मागे राहते, ती यामुळेच.

म्हणूनच मोठी चोरी पकडली गेली ती तपास यंत्रणांनी फोनवरची संभाषणं ऐकली तेव्हा. 9 मार्च 2020 रोजी न्यूयॉर्कमधील सरकारी वकिलांनी 27 जणांवर आरोप ठेवल्याचं जाहीर केलं. त्यांत प्रशिक्षक होते, औषधविक्रेते होते आणि खेदाची गोष्ट म्हणजे पशुवैद्यही होते. हार्नेस रेसिंगमधील प्रशिक्षक क्रिस्टोफर ओक्स यांना 2022 मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. चाचणीत सापडू नयेत अशी औषधं बनवून विकणारे पशुवैद्य सेथ फिशमन यांना त्याच वर्षी अकरा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. ज्याच्या हाती जनावर विश्वासानं सोपवायचं, त्यानंच विष द्यावं?

2020 च्या अखेरीस अमेरिकेनं घोड्यांच्या शर्यतींसाठी देशपातळीवर कायदा केला. पण तो थरोब्रेड घोड्यांपुरता लागू झाला. गाडी ओढणारे घोडे त्याबाहेर, राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या नियमांखालीच राहिले.

यात सर्वांत जास्त नुकसान होतं ते प्रामाणिक प्रशिक्षकाचं. जिंकला तर लोक त्याच्याकडे बोट दाखवतात, हरला तर मालक घोडा काढून नेतो. पुराव्याविना केलेला संशयही अन्यायच आहे. पण तपासणीच नसेल, तर हा संशय मिटणार कसा?

आपल्याकडे बैलगाडा शर्यतींना 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हिरवा कंदील दाखवला. हौस राहिली, आनंद झाला. त्याबरोबर जबाबदारीही आली. जनावराला विनाकारण अपायकारक औषध देणं हा 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. जत्रा कमिटीनं मंडपाला आणि फटाक्यांना पैसे काढताना मैदानावर एक पशुवैद्य आणि रक्त तपासण्याची सोय यांचाही विचार करावा. जिंकणाऱ्याचा मान त्यानं वाढेलच.

मराठीत घोडा म्हणा, कन्नडमध्ये कुदुरे म्हणा. 'मला हे नको' असं त्याला दोन्ही भाषांत सांगता येत नाही. ते त्याच्या वतीनं आपणच सांगायचं आहे.