लेणं, गुहा आणि वीसच्या तीन नोटा

माझ्या अल्बमच्या पहिल्या पानावर आपलीच 20 रुपयांची नोट आहे. 2019 साली आलेली, हिरवट पिवळी, पाठीवर वेरूळ. मी नोटा जमवतो त्या गुहांच्या आणि चुनखडीच्या प्रदेशांच्या. त्या हिशेबाने ही नोट इथे बसत नाही. मराठीत लेणं वेगळं आणि गुहा वेगळी. लेणं माणूस छिन्नीने कोरतो, गुहा बहुतेक वेळा पाणी घडवतं. वेरूळचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पाण्याला सहजी दाद देत नाही. अशा दगडांच्या मुलखात वाढलेल्या मला पाण्यात विरघळणाऱ्या डोंगरांची ओळख नोटांनीच करून दिली, म्हणून वेरूळ पहिल्या पानावर.

दुसऱ्या पानावर चीनची 20 युआनची नोट. ली नदी आणि तिच्या काठाने उभे असलेले डोंगरसुळके. ही जागा ग्वांगशीतल्या शिंगपिंग गावाजवळ आहे. पर्यटक तिथे नोट डोळ्यांसमोर धरतात आणि चित्रातला डोंगर समोरच्या डोंगराशी जुळवून पाहतात. हा चुनखडक 35 कोटी वर्षांहून जुना, उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. पावसाचं पाणी हवेतून, आणि त्याहून जास्त मातीतून, कार्बन डायऑक्साइड घेत मुरतं. त्याचं सौम्य आम्ल होतं आणि ते भेगाभेगांतून खडक विरघळवत जातं. मागे उरतात ते हे सुळके. तेच पाणी गुहेच्या छताला थेंब होऊन लोंबलं की त्यातला वायू निसटतो आणि चुना पुन्हा दगड होऊन बसतो. छताला अधोमुखी लवणस्तंभ, खाली ऊर्ध्वमुखी. बोअरचं पाणी तापवून तापवून पातेल्याला पांढरी खर धरते, ती याच क्रियेने. गुहेत मात्र बोटाच्या पेराएवढी वाढ व्हायला अनेकदा शतकं जातात.

शू श्याके या चिनी प्रवाशाने दक्षिणेतल्या तीनशेहून अधिक गुहा हिंडून त्यांची वर्णनं लिहून ठेवली. तो 1641 साली वारला. त्याच वर्षी आजच्या स्लोव्हेनियात योहान वायखार्ड वाल्वासोर जन्मला आणि माझी सर्वांत लाडकी नोट त्याची आहे: 20 टोलार. देश युरोकडे वळल्यावर, 2007 पासून, ती चलनातून गेली.

नोटेच्या पुढे वाल्वासोर, मागे त्सेर्कनित्सा सरोवराची आकृती. हे सरोवर दर वर्षी येतं आणि जातं. शरदातल्या पावसाने आणि वसंतात वितळणाऱ्या बर्फाने ते भरतं, 25 चौरस किलोमीटरहून मोठं होतं आणि लोक होड्या घालून मासे धरतात. उन्हाळ्यात पाणी तळाच्या विवरांतून निघून जातं आणि त्याच जमिनीवर गवत कापलं जातं. वाल्वासोरने या येण्याजाण्याचा उलगडा जमिनीखालच्या तलावांनी आणि वक्रनलिकांनी केला. एडमंड हॅलीने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचं प्रात्यक्षिक केलं आणि 1687 साली वाल्वासोर तिथला सदस्य झाला. त्याचा उलगडा आज जसाच्या तसा टिकत नाही. पण पाण्याची वाट जमिनीखालून जाते हे त्याने ओळखलं होतं. अशा प्रदेशांना भूगोलात ‘कार्स्ट’ म्हणतात, तो शब्दही त्याच देशातल्या क्रास पठाराचा. आपल्या मुलखाविषयीचा प्रचंड ग्रंथ छापताना तो कर्जात बुडाला, ग्रंथसंग्रह विकला, गढी विकली आणि 1693 साली कफल्लक होऊन गेला. त्याच माणसाचा चेहरा पुढे देशाच्या पैशावर आला. ही नोट हातात घेतली की मला दर वेळी भरून येतं.

फिलिपिन्सच्या 500 पेसोच्या नोटेवर पोर्तो प्रिन्सेसाची भूमिगत नदी आहे. 8.2 किलोमीटर जमिनीखालून वाहत ती थेट समुद्राला मिळते. भरतीचं खारं पाणी तिच्यात आत शिरतं. व्हिएतनामच्या दोन लाख डाँगवर हालाँगच्या उपसागरातलं एक बेट आहे. हिमयुग सरल्यावर समुद्र चढला, दऱ्या बुडाल्या आणि डोंगरमाथे बेटं होऊन राहिले.

शेवटच्या पानावर लेबनॉनची एक लिराची जुनी नोट. तिच्या मागे जैता गुहा, लवणस्तंभांनी भरलेली. 2019 नंतर लेबनॉनचं चलन इतकं कोसळलं की एका लिराला आज काहीच येत नाही. गुहेतलं पाणी मात्र अजूनही बैरुतच्या नळांना येतं.