सेकंदाला तीस खाती

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी)त पाकिस्तानच्या बँकांचा विषय निघायचं तसं काही कारण नाही. पण भारत आणि पाकिस्तान यांच्या बँकांची सुरुवात एकाच तिजोरीतून झाली. फाळणीनंतरही 30 जून 1948पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक आपली रिझर्व्ह बँकच होती. तिकडे सुरुवातीला चालल्या त्या नोटाही आपल्याच होत्या, फक्त त्यांवर पाकिस्तान सरकारचं नाव जादा छापलेलं. छापल्या कुठे? नाशिकच्या प्रेसमध्ये!

पुढे दोन्ही सरकारांनी बँका ताब्यात घेतल्या, भारताने 1969 साली आणि पाकिस्तानने 1974 साली. 1969मध्ये आपल्याकडे एका शाखेमागे सुमारे 65,000 माणसं होती. 2011च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 13 लाख भरली. जुन्या प्रमाणाने आष्टी-कारंजापासून समुद्रपूरपर्यंत अख्ख्या जिल्ह्याला मिळून 20 शाखा आल्या असत्या. मग 1977 साली आपल्याकडे नियम झाला की, बँक असलेल्या ठिकाणी नवी शाखा हवी, तर आधी बँक नसलेल्या चार ठिकाणी उघडा. खेड्यांत बँक पोचली ती या सक्तीने. पाकिस्तानने मात्र 1991पासून बँका विकायला काढल्या.

जागतिक बँकेने 2011 साली मोजलं तेव्हा शंभर प्रौढांमागे भारतात 35 जणांचं खातं होतं, पाकिस्तानात 10 जणांचं. तिथल्या शंभर बायकांमागे तर फक्त तिघींचं. 2021मध्ये सगळ्या प्रौढांचे आकडे भारतात 78 आणि पाकिस्तानात 21 झाले.

मधल्या काळात भारतात जनधन योजना आली. 23 ते 29 ऑगस्ट 2014 या सात दिवसांत 1,80,96,130 खाती उघडली गेली. रात्रीही धरल्या तरी सेकंदाला जवळपास तीस. या वेगाने वर्धा जिल्ह्यातल्या लहानथोर सगळ्यांची खाती अवघ्या बारा तासांत उघडून झाली असती.

तरीही टक्क्यांवर जाऊ नये. 2021मध्ये पाकिस्तानात खातं नसलेले प्रौढ होते साडेअकरा कोटी, म्हणजे एक महाराष्ट्र. भारतात होते 23 कोटी, म्हणजे दोन महाराष्ट्र. पुढे असलेल्या देशातच बँकेबाहेरची माणसं दुप्पट होती.

आणि खातं असलं म्हणजे पैसा हाती आला असंही नाही. हे वर्धेकरांना वेगळं सांगायला नको. 2012 साली रिझर्व्ह बँकेने वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला नव्या ठेवी घ्यायला मनाई केली आणि ठेवीदारांना आपल्याच पैशांसाठी हेलपाटे घालावे लागले. 2021मध्ये भारतातल्या दर शंभर खातेदारांपैकी 35 जणांनी वर्षभरात खात्याला हातही लावला नव्हता. एवढं मोठं प्रमाण जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं.

मला यात सर्वांत जास्त खुपतो तो अंगठा. निंदण करून आणि कापूस वेचून ज्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिचा ठसा गावात बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या बँकमित्राच्या यंत्रावर उमटत नाही. ती पदराला बोट पुसते, पुन्हा टेकवते, यंत्र पुन्हा नाही म्हणतं. मग वर्ध्याच्या शाखेत जा, रांगेत उभी राहा, आणि त्या दिवसाची मजुरी बुडव. जागतिक बँकेच्या तक्त्यात मात्र ती खातेदार म्हणून केव्हाच मोजली गेली आहे. डोळ्याने किंवा चेहऱ्याने ओळख पटवायची सोय आता निघाली आहे, ती प्रत्येक बँकमित्राच्या हाती आधी द्यायला हवी.