क्युसेक म्हणजे किती टँकर?

आम्ही खडकवासल्याला राहतो आणि आमच्या आत्याबाई खाली पुण्यात, मुठेच्या काठच्या वस्तीत. एका पावसाळी रात्री मोबाईलवर निरोप आला. धरणातून होणारा विसर्ग वाढवून अमुक हजार क्युसेक करण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, असा त्यातील मजकूर. आम्ही लगेच आत्याबाईंना फोन करून तो जसाच्या तसा वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाळा, ते सगळं खरं. पण पाणी आपल्या कितव्या पायरीपर्यंत येणार?"

आम्ही निरुत्तर झालो. बी.कॉम. होऊन वीस वर्षे कारकुनी केली, सारे आयुष्य आकड्यांत गेले. पण त्या एका आकड्याचा अर्थ आम्हांला सांगता येईना. निरोप खोटा नव्हता. पण लिहिणाऱ्याला जे कळत होते, ते रात्री पोरेबाळे घेऊन घराबाहेर पडणाऱ्याला कळण्याजोगे नव्हते.

वाचकहो, हा प्रश्न जिवाचा आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यालगत एकतानगरीत घरांत पाणी शिरले. आधी नीट कळले नाही, ही तेथील अनेक रहिवाशांची तक्रार होती. कळविणे आणि कळणे यांत अंतर असते. ते अंतर एक साधे चित्र पुष्कळ कमी करू शकते, हे आम्हांला आज सांगायचे आहे.

प्रथम क्युसेक पाहू. एका सेकंदाला एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक, सुमारे २८ लिटर. आता उन्हाळ्यात वस्तीत येणारा १० हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. ३५० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला असा एक टँकर. ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला शंभर टँकर! हा हिशेब फळ्यावर नुसता लिहू नका, काढून दाखवा. दहा टँकरांची एक रांग, अशा दहा रांगा. शाळेत न गेलेली माउलीही त्या मोजील.

येथे एक चूक टाळावी. आकडा वाढला की टँकरच मोठा काढावा असे वाटते. पण दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढलेला टँकर कागदावर चौपट जागा घेतो, आणि पाहणारा फसतो. म्हणून चित्र तेवढेच ठेवून त्यांची संख्या वाढवावी. हा नियम ऑटो न्यूरॅथ यांनी घालून दिला. त्यांनी १९२५ साली व्हिएन्ना शहरात सामान्य जनतेसाठी एक संग्रहालय उघडले आणि घरे, आरोग्य, रोजगार यांचे किचकट तक्ते चित्रांतून मांडले. तज्ज्ञांची माहिती समजून घेऊन त्यातले काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हे ठरविण्याचे काम तेथे मारी राइडेमाइस्टर करीत. चित्रकाराचा हात त्यानंतर लागे.

दुसरे चित्र चार धरणांचे. खडकवासल्याची साठवण १.९७ टीएमसी, टेमघरची ३.७१, पानशेतची १०.६५ आणि वरसगावची १२.८२. नुसते वाचून काही लक्षात येते का? आता खडकवासल्याला एक हंडा समजा. मग टेमघर जवळजवळ दोन हंडे, पानशेत साडेपाचच्या आत-बाहेर आणि वरसगाव साडेसहा. वरच्या तिघांचे पाणी या एका हंड्यात उतरते. ते भरले की खालचा हंडा फार वेळ दम धरू शकत नाही. हे एवढे चित्र पाहिले की रात्रीतून विसर्ग का वाढतो ते मुलांनाही उमगते.

कोणी म्हणेल, चित्रे ही अडाण्यांसाठी. तसे मुळीच नाही. येथे खडकवासल्यालाच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत मोठमोठे अभियंते नद्यांच्या आणि धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडून पाहतात. त्यांना नदी डोळ्यांनी पाहावी लागते, तर आपल्या आत्याबाईंना का नको? आणि १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती आपल्या वडीलधाऱ्यांनी अक्षर न वाचता ओळखला. त्या चित्रामुळे मताचा हक्क त्यांच्या हाती आला.

राहिला पायरीचा प्रश्न. पाटबंधारे खाते निळी आणि लाल पूररेषा आखते. निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण रेषा नकाशावर आणि पाणी घरात! म्हणून एका रविवारी आम्ही रंगाचा डबा घेऊन वस्तीत गेलो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून, पूर्वी पाणी जेथवर चढले होते तेथे भिंतीवर पट्टा ओढला आणि बाजूला ठळक अक्षरांत साल लिहिले. पट्टा पिवळा केला, सरकारी रेषांशी घोटाळा नको म्हणून. शेजारी टँकरांच्या रांगा काढल्या. तेवढेच क्युसेक सोडले म्हणजे पाणी तेवढेच चढेल असे नाही. ओढे, पाऊस, पात्रातला राडारोडा यांनी फरक पडतो. म्हणून पट्ट्याखाली लिहिले, "पाणी येथवर आले होते. याहून वरही येऊ शकते."

आत्याबाईंच्या दारात पट्टा तिसऱ्या पायरीवर आला. त्यांनी त्याच दिवशी घरातले कागदपत्र आणि रेशनकार्ड फळीवर, छताजवळ हलविले.

आपली वस्ती नदीकाठी असेल तर जूनपूर्वी एक रविवार काढावा. मुलांच्या हाती खडू-रंग द्यावेत, वडीलधाऱ्यांना जवळ बसवून घ्यावे आणि पाणी कुठवर आले होते ते विचारावे.