तारिहाळचा धूर, तारिहाळचे पाणी आणि शेजाऱ्याचा हक्क



हुबळी-धारवाडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना तारिहाळ नवे नाही. कुणाचा मुलगा तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, कुणाचे स्वतःचे लहानसे वर्कशॉप आहे. वसाहत चालली पाहिजे, यावर आपले दुमत नाही. पण तिच्या धुरावर आणि सांडपाण्यावर नजर कोण ठेवते, कशी ठेवते आणि त्या कामात शेजाऱ्याला काही जागा आहे का, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

आधी जमीन पाहू. आपली जुळी शहरे पाणलोटाच्या माथ्यावर वसली आहेत. धारवाडजवळ उगम पावणाऱ्या शाल्मलेचे पाणी बेडतीतून पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. बेण्णीहळ्ळाचे पाणी मलप्रभेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे इथे ओढ्यात सोडलेली घाण इथेच राहत नाही. न्यूझीलंडने १९८९ साली प्रादेशिक परिषदा नेमल्या, तेव्हा त्यांच्या हद्दी मुख्यतः नद्यांच्या पाणलोटांप्रमाणे आखल्या. आपल्याकडे ही वाटणी प्रशासकीय आहे. कारखान्यांवरची देखरेख कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. हे मंडळ २१ सप्टेंबर १९७४ रोजी स्थापन झाले आणि त्याचे प्रादेशिक कार्यालय धारवाडला आहे. गावातली गटारे आणि कचरा महानगरपालिकेकडे. हा फरक लक्षात न घेता केलेली तक्रार दोन कार्यालयांमध्ये नुसती फिरत राहते.

मंडळाच्या कामाचा पाया म्हणजे संमतिपत्र. १९७४ चा जल अधिनियम आणि १९८१ चा वायू अधिनियम यांखाली कारखाना उभारण्यापूर्वी एक संमती लागते आणि चालवण्यासाठी दुसरी. प्रदूषणाच्या मानाने उद्योगांना लाल, नारिंगी, हिरवा असे वर्ग दिलेले असतात. संमतिपत्रात अटी असतात: सांडपाणी किती, ते कुठे सोडायचे, धुराडे किती उंच हवे. काही मर्यादा देशभर सारख्या आहेत. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची ‘बीओडी’ सर्वसाधारणपणे लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. पाण्यातली घाण कुजवताना जंतू जो प्राणवायू वापरतात, त्याचे हे माप. २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून ते काढतात. आकडा जितका मोठा, तितका माशांच्या वाट्याचा प्राणवायू कमी.

अटी पाळल्या जातात की नाही, हे नमुना घेऊन ठरते. त्याची रीत कायद्याच्या कलम २१ मध्ये दिली आहे. अधिकाऱ्याने कारखानदाराला तशी नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांवर मोहोर लावून दोघांनी सही करायची. ही रीत चुकली, तर तपासणीचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून “पाणी काळे दिसते, तरी कारवाई का नाही?” असे विचारताना नमुना कधी आणि कसा घेतला, हेही विचारावे.

हवेची गोष्ट थोडी निराळी आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांमध्ये हुबळी-धारवाडचे नाव आहे. पीएम १० या धूलिकणांची मर्यादा एका घनमीटरला वार्षिक सरासरीने ६० आणि दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे. वर्षाच्या सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, अशी किमान १०४ मोजमापे लागतात. पण सरासरी ही सरासरीच. रात्री दोन वाजता तुमच्या खिडकीतून आत येणारा उग्र वास तिच्यात दिसेलच असे नाही. तो दिसायचा, तर कुणीतरी तारीख, वेळ, जागा आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवायला हवी. हे काम शेजारी राहणाराच करू शकतो.

कायद्याने या शेजाऱ्याची आठवण ठेवली आहे. जल अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते. ज्याला एखाद्या सांडपाण्याची झळ पोहोचते, त्याला त्या सांडपाण्यासंबंधीच्या नोंदी कार्यालयाच्या वाजवी वेळेत पाहता येतात. तो आपल्या वतीने दुसऱ्यालाही पाठवू शकतो. कलम ४९ याच्याही पुढे जाते. मंडळाला साठ दिवस आधी नोटीस देऊन सामान्य माणूस स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो. अशा वेळी मंडळाने आपल्याकडचे संबंधित अहवाल त्याला मागणीनुसार द्यायचे असतात. सार्वजनिक हिताला बाध येत असेल तरच ते नाकारता येतात. वायू अधिनियमाच्या कलम ४३ मध्येही अशीच तरतूद आहे.

जुलै २०२२ मध्ये तारिहाळच्या वसाहतीत एका कारखान्याला आग लागून कामगारांचे प्राण गेले. आगीचे आणि कामगारांच्या सुरक्षिततेचे कायदे वेगळे, खातीही वेगळी. पण शेजारच्या भिंतीआड काय बनते आणि कोणत्या परवानगीने बनते, हा प्रश्न दुर्घटनेनंतर सगळेच विचारतात. तो आधी विचारायला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

आपल्या घरांत कन्नड वाचणारी माणसे आहेत आणि सरकारी कागद समजणारी निवृत्त मंडळीही आहेत. एका गल्लीने एक वही घातली, महिनाभर वास, धूर आणि ओढ्याच्या रंगाच्या नोंदी केल्या आणि दोघांनी धारवाडला जाऊन संमतीच्या अटी उतरवून आणल्या, तर पुढचा अर्ज मोघम राहणार नाही. त्यात कारखान्याचे नाव, अटीचा क्रमांक आणि तारखा असतील. अशा अर्जाला उत्तर द्यावे लागते.