रद्दीतलं व्याकरण

भाषाविज्ञानाचं जुनं पुस्तक हवं असेल, तर ते चुकीच्या गठ्ठ्यात शोधावं लागतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात ते दहावीच्या गाइडांखाली सापडतं, मुंबईत फाउंटनच्या पदपथावर इंग्रजी संभाषणाच्या पुस्तकांत. अशी धूळ बरीच वर्षं खाल्ल्यावर माझं एक मत झालं आहे : या विषयात सिद्धांत शिळा होतो, नोंद शिळी होत नाही.

मोल्सवर्थचा कोश घ्या. पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची. मूळ प्रत हाती लागणं म्हणजे नशीबच. आपल्यासारख्यांना पुनर्मुद्रण पुरतं. व्युत्पत्तीसाठी आज कोणी त्याच्यावर विसंबणार नाही; पण शेती, अवजारं, जनावरं यांच्याभोवतीचे कितीतरी शब्द आता तिथेच भेटतात. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा सातवा, मराठीचा खंड १९०५चा. तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने तयार केला. त्यातली कोकणीला मराठीची बोली मानणारी मांडणी आज गोव्यात कोणी ऐकून घेणार नाही. पण बायबलमधल्या उधळ्या पुत्राची तीच कथा बोलीमागून बोलीत वाचताना कान टवकारतात.

झ्यूल ब्लॉकचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनी मराठीत आणला. तो दिसला की घासाघीस करू नये. ना. गो. कालेलकरांच्या ‘भाषा आणि संस्कृती’च्या मात्र एकापेक्षा जास्त प्रती घेऊन ठेवाव्यात. उसनं नेणारे परत देत नाहीत. ब्लूमफिल्डचं १९३३चं ‘लँग्वेज’ भारतातच पुन्हा छापलं गेलं, म्हणून तेही जुन्या बाजारात दिसतं.

तत्त्वज्ञानाच्या बाजूला माझं मत लंगडं पडतं. व्हिट्गेन्श्टाइनने स्वतःचाच आधीचा सिद्धांत मोडीत काढला, तरी दोन्ही पुस्तकं घ्यावीशी वाटतात. भर्तृहरीचं ‘वाक्यपदीय’ तर दीड हजार वर्षं जुनं. वाक्य आधी की शब्द, हा त्याचा प्रश्न अजून मिटलेला नाही. तेव्हा मत जरा सुधारून घेतो : उत्तरं शिळी होतात, प्रश्न आणि नोंदी टिकतात.

माझी सर्वांत लाडकी प्रत मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ची, नंतरच्या आवृत्तीतली. कणा निखळलेला, म्हणून वजनावर मिळाली. क्रियापदांच्या रूपांपाशी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं आहे : ‘आमच्या कोल्हापुरात बायकाही “मी आलो” म्हणतात.’

बांधणी करणाऱ्याकडे प्रत दिली तेव्हा त्याने विचारलं, “समासातलं खोडून देऊ का?” म्हटलं, कणा नवा घाला, पेन्सिलीला हात लावू नका.